धूर, अग्नी आणि ओळख : मेंदूच्या प्रतिमेचे वाचन

मेंदूची प्रतिमा ही कोणत्या अर्थाने प्रतिमा असते, हा प्रश्न वरवर पाहता पदार्थविज्ञानाचा किंवा वैद्यकाचा वाटेल. प्रस्तुत लेखात तो अर्थनिर्णयनाचा प्रश्न म्हणून विचारात घ्यायचा आहे. तसे करण्याचा अधिकार आपल्याला वैद्यकीय परिभाषेनेच दिलेला आहे. डॉक्टर स्कॅन 'पाहतात' असे कमी वेळा म्हटले जाते. ते स्कॅन 'वाचतात'. हे क्रियापद सैलपणे वापरलेले नाही असे मानले, तर वाचनव्यवहाराविषयी साहित्यमीमांसेने आजवर जे प्रश्न उपस्थित केले ते सर्व येथेही उपस्थित होतात. वाच्यार्थ कोणता, त्यापलीकडचा अर्थ कशाच्या बळावर घेतला, तो संहितेत होता की वाचकाने आणला, आणि वाचकाला चुकीचे ठरवण्याचा निकष कोणता? फरक एवढाच की कवितेचे चुकीचे वाचन झाले तर कवितेचे फारसे बिघडत नाही. येथे ज्याचे वाचन होते तो खाटेवर पडलेला माणूस असतो, आणि त्याला अन्न द्यायचे की थांबवायचे हे कधीकधी त्या वाचनावर ठरते.

आधी ही प्रतिमा घडते कशी ते पाहू. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के. पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्यातला सुमारे वीस टक्के एकटा मेंदू वापरतो. हे प्रमाण माणसात विश्वासार्ह रीतीने मोजता येऊ लागले ते सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी १९४० च्या दशकात नायट्रस ऑक्साइड वायूच्या साहाय्याने मेंदूतील रक्तप्रवाह मोजण्याची पद्धत बसवली तेव्हा. केटींच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना अंकगणित करायला लावले आणि मेंदूचा एकूण प्राणवायू-खर्च मोजला. तो वाढला नाही. विचार करणाऱ्या मेंदूचा आणि स्वस्थ पडलेल्या मेंदूचा एकूण खर्च जवळपास सारखाच निघाला. या निष्कर्षाकडे साहित्याच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यायला हवे होते. ज्याला आपण 'काहीच न करणे' म्हणतो ते मेंदूच्या हिशेबात अतिशय खर्चाचे काम आहे. एखादे काम हाती घेतल्याने त्यात पडणारी भर अगदी थोडी असते.

एकूण खर्चाऐवजी मेंदूच्या प्रत्येक भागाचा खर्च वेगळा कळावा यासाठी लुई सोकोलॉफ यांनी डीऑक्सिग्लुकोजची पद्धत शोधली. तिचे सविस्तर विवरण १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीमधील युक्ती विलक्षण आहे. ही साखर खऱ्या साखरेसारखीच पेशीत शिरते, पहिल्या पायरीवर तिला फॉस्फेटही जोडले जाते. मात्र तिच्या रेणूत एक गट बदललेला असल्याने पुढच्या पायरीवर ती जाऊ शकत नाही. ती आत अडकते. जेथे जळण जास्त तेथे अडकलेली साखरही जास्त. म्हणजे जी साखर जळू शकत नाही तिच्यावरून जळण मोजले जाते. या साखरेला किरणोत्सर्गी फ्लुओरीन जोडून ती १९७६ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात प्रथमच माणसाला टोचली गेली. फ्लुओरीनच्या अणूतून पॉझिट्रॉन बाहेर पडतो. हा डिरॅकच्या १९२८ च्या समीकरणातून डोकावलेला आणि १९३२ मध्ये अँडरसनला प्रत्यक्ष सापडलेला प्रतिकण. तो जेमतेम मिलिमीटरभर जाऊन एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघेही नाहीसे होतात, आणि परस्परविरुद्ध दिशांना दोन फोटॉन निघतात. डोक्याभोवतीच्या कड्यात समोरासमोर बसवलेले दोन शोधक एकाच क्षणी जागे झाले की त्या दोहोंना जोडणाऱ्या रेषेवर कोठेतरी एक लय झाला एवढे कळते. अशा लक्षावधी रेषांवरून गणित करून चित्र उभे केले जाते. लाल, पिवळा, निळा हे रंग मेंदूत नसतात. ते संगणकावर निवडलेले असतात.

या प्रतिमेचा वाच्यार्थ, आपल्या काव्यशास्त्राच्या भाषेत तिची अभिधा, इतकीच आहे : या ठिकाणाहून इतक्या मिनिटांत फोटॉनच्या इतक्या जोड्या आल्या. या अर्थात कोणालाही रस नसतो. गंगेवर गवळीवाडी आहे असे कोणी म्हटले तर प्रवाहावर घरे असू शकत नाहीत म्हणून आपण 'काठावर' असा अर्थ घेतो. मुख्यार्थाला बाध येतो आणि सामीप्याच्या संबंधाने लक्ष्यार्थ हाती लागतो. स्कॅन वाचणारा हेच करतो. फोटॉनवरून अडकलेली साखर, साखरेवरून चयापचय, चयापचयावरून चेतापेशींचे काम. प्रत्येक टप्प्यावर एक संबंध गृहीत आहे, आणि त्यातले बहुतेक संबंध प्रयोगांनी पक्के केलेले आहेत. येथपर्यंत पदार्थविज्ञानाच्या पायाखालची जमीन भक्कम आहे, हे साहित्याच्या माणसाने कुरकुर न करता मान्य करावे. विज्ञानाला 'आणखी एक कथन' म्हणून मोडीत काढण्याची जी सवय उत्तर-संरचनावादाच्या उतरत्या काळात आपल्याकडे बळावली, तिचा येथे काही उपयोग नाही.

लक्ष्यार्थाची ही पातळी किती फलदायी असते हे अपस्माराच्या उदाहरणावरून दिसते. औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णात झटक्याचा उगम कोठे आहे हे शोधण्यासाठी ही तपासणी करतात, आणि ती बहुधा दोन झटक्यांच्या मधल्या शांत काळात करतात. तेव्हा उगमाची जागा उजळलेली दिसत नाही. ती भोवतालापेक्षा मंद दिसते. झटका चालू असताना मात्र तीच जागा पेटलेली असते. म्हणजे येथे चिन्ह अभावाचे आहे. अनुभवी वाचक प्रकाशाइतकेच अंधाराला वाचतो. 'अपस्मार' या शब्दात आयुर्वेदाने स्मृतीचे निघून जाणे पाहिले, 'फेफरे' या देशी शब्दात अंगाची थरथर आहे. कडेगाव परिसरात आजही रस्त्यात कोणाला झटका आला तर कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी चप्पल हुंगवतो, आणि जत्रेत हेच घडले तर 'वारं आलं' म्हणणारेही असतात. ही सगळी वाचनेच आहेत, आणि ती सारख्या योग्यतेची नाहीत. कांद्याने झटका थांबत नाही. तो बहुधा एकदोन मिनिटांत आपणहून थांबतो, आणि श्रेय कांद्याला मिळते. वाचनांची अनेकता मान्य करणे म्हणजे सगळी वाचने सारखीच खरी मानणे नव्हे.

कडेगावात ही यंत्रणा नाही. स्कॅनसाठी कराड, सांगली-मिरज, पुणे अशी वाट धरावी लागते. परत येताना मोठ्या पाकिटात फिल्म असते, आणि घरी पोहोचल्यावर ती खिडकीच्या उजेडात धरून सगळे घर पाहते. हा प्रसंग प्रतिमेच्या अभ्यासकाला विचार करायला लावणारा आहे. ज्या गावात मोहरमच्या वेळी गगनचुंबी ताबुतांच्या भेटी होतात, हिंदू-मुसलमान मिळून ते उचलतात, त्या गावाला प्रतिकृती म्हणजे काय हे चांगले ठाऊक आहे. ताबूत ही करबलाची कबर नाही हे उचलणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते आणि तरीही तो आदराने उचलला जातो. प्रतिमेविषयीचा हा प्रगल्भ व्यवहार फिल्मच्या बाबतीत मात्र टिकत नाही. फिल्मकडे आपण थेट वस्तू म्हणून पाहतो : 'हा बघा बाबांचा मेंदू.' यंत्राने काढलेले चित्र मध्यस्थाविना आले असा आपला समज असतो. वस्तुतः त्यात जेवढे मध्यस्थ आहेत तेवढे ताबुतातही नसतील.

आता आपण त्या जागी येतो जेथे लक्ष्यार्थ संपतो. चेतापेशींच्या कामावरून जाणिवेचा, 'आत कोणीतरी आहे' याचा निर्णय करता येईल का? हा अर्थ वाच्य नाही, लक्ष्यही नाही. आनंदवर्धनाने नवव्या शतकात अशा अर्थासाठी व्यंजना ही वेगळी शक्ती मानली आणि तिच्या ग्रहणासाठी सहृदयाची गरज सांगितली. अकराव्या शतकात महिमभट्टाने 'व्यक्तिविवेक' लिहून त्यावर आक्षेप घेतला : व्यंजना म्हणून काही वेगळे नाही, जे आहे ते अनुमानच आहे. हेतू दाखवा, व्याप्ती दाखवा, मग अर्थ सिद्ध झाला असे म्हणा. आपल्या काव्यशास्त्राच्या वर्गांत महिमभट्टाला पाचदहा मिनिटांत उरकले जाते. मेंदूच्या प्रतिमांच्या काळात तोच अधिक जवळचा वाटू लागतो, कारण या क्षेत्रातला प्रत्येक वैज्ञानिक न कळत महिमभट्टाचा अनुयायी आहे.

अनुमानाचे आपले परंपरागत उदाहरण डोंगरावरच्या धुराचे आहे. धूर दिसला म्हणून अग्नी आहे. २००६ मध्ये एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंब्रिजमध्ये असा धूर पाहिला. अपघातानंतर कोणत्याही आज्ञेला प्रतिसाद न देणाऱ्या तेवीस वर्षांच्या एका तरुणीला त्यांनी चुंबकीय यंत्रात ठेवून सांगितले : टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा; आता स्वतःच्या घरातून फिरत आहात अशी कल्पना करा. या तपासणीत साखर टोचत नाहीत. प्राणवायू सोडून दिलेल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुण बदलतात, त्या बदलावरून रक्तपुरवठा ओळखला जातो. दोन्ही आज्ञांना तिच्या मेंदूच्या दोन वेगळ्या भागांनी, निरोगी माणसांत दिसतो तसाच, प्रतिसाद दिला. पुढे २०१० मध्ये केंब्रिज आणि लिएज येथील ५४ रुग्णांपैकी पाचांत अशी हेतुपूर्वक हालचाल आढळली. त्यांतल्या एकाने 'हो'साठी टेनिस आणि 'नाही'साठी घर अशा संकेताने साध्या प्रश्नांची उत्तरे दिली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आज्ञांना दृश्य प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांत, म्हणजे चारांतल्या एकात, असा आतला प्रतिसाद सापडला.

खोट्या धुराची भीती अर्थातच आहे. धुके किंवा धुळीचा लोट धूर समजून अग्नीचे अनुमान केले तर काय, हा नैयायिकांचा जुनाच प्रश्न. २००९ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली, आणि संख्याशास्त्राची खबरदारी न घेतल्यास माशाच्या मेंदूतही हालचाल 'दिसते' हे सिद्ध केले. विनोद मोठा होता आणि उपयुक्तही. परंतु या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो नैयायिकांचा दुसरा दाखला, तापलेल्या लोखंडी गोळ्याचा. धूर आहे तेथे अग्नी आहे हे खरे; अग्नी आहे तेथे धूर आहे हे खरे नाही. लाल झालेल्या लोहगोलात अग्नी असतो, धूर नसतो, कारण धुराला ओल्या सर्पणाची जोड लागते. तेव्हा धूर दिसत नाही म्हणून अग्नी नाही असे म्हणता येणार नाही. टेनिसची कल्पना करायला सांगितल्यावर मेंदूत काही दिसले नाही, तर रुग्ण बहिरा असेल, भाषा समजत नसेल, झोपेत असेल, लक्ष टिकत नसेल. काही निरोगी स्वयंसेवकांतही ही चाचणी निष्फळ ठरते. मौनावरून शून्याचे अनुमान हा हेत्वाभास आहे, हे तर्काच्या पहिल्या इयत्तेतले ज्ञान वैद्यकाला परवडेलच असे नाही, कारण वैद्यकाला निर्णय घ्यायचा असतो.

चयापचयाचे मापन येथे वेगळा दावा करते, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. ते म्हणते, आम्ही धूर शोधत नाही. आम्ही सर्पण मोजतो. अमुक इतक्यापेक्षा कमी सर्पण असेल तर अग्नी पेटूच शकत नाही. २०१६ मध्ये योहान स्टेंडर आणि सहकाऱ्यांनी मेंदूला इजा झालेल्या १३१ रुग्णांच्या अभ्यासातून असा उंबरठा सांगितला : निरोगी मेंदूच्या पृष्ठभागाचा जो सरासरी साखरखर्च असतो त्याच्या ४२ टक्के. त्याखाली जाणिवेची चिन्हे जवळजवळ आढळत नाहीत. त्यावर ती आढळतात किंवा पुढच्या काळात परत येतात. लोहगोलाच्या आक्षेपाला दिलेले हे उत्तर तर्कदृष्ट्या नेटके आहे. तरी त्यातली व्याप्ती नीट पाहायला हवी. उंबरठ्याखाली जाणीव नाही, हे ठरवले कशावरून? शय्येजवळ रुग्णाने दाखवलेल्या चिन्हांवरून. म्हणजे सर्पणाचे मोजमाप शेवटी धुराशीच ताडून पाहिलेले आहे. आणि सर्पण पुरेसे असले म्हणजे अग्नी असतोच असेही नाही. अपस्माराच्या मोठ्या झटक्यात मेंदूचा खर्च भडकतो आणि भान पूर्ण हरपते. ४२ हा आकडा संभाव्यतेविषयी काही सांगतो, आणि ते मोलाचे आहे. तो माणूस असण्याविषयी काही सांगत नाही. ४१ टक्के असलेला कोणाचा तरी बाप असतो.

या विषयात भाषेने आधीच केलेल्या निर्णयांकडे दुर्लक्ष करता येत नाही. १९७२ मध्ये ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम यांनी 'लॅन्सेट'मध्ये या अवस्थेला जे नाव दिले त्याचा मराठी तर्जुमा 'वनस्पतिवत् अवस्था' असा होतो. डोळे उघडतात, झोप-जागेचे चक्र चालते, पण जाणिवेची खूण नाही. त्या दोघांच्या मनात शब्दाचा तांत्रिक अर्थ होता. पण रूपक हे रूपकच असते, आणि निदानात घुसलेले रूपक नातेवाइकांच्या कानांवर शिवीसारखे पडते. २०१० मध्ये युरोपातल्या एका गटाने त्याऐवजी 'प्रतिसादशून्य जागृती' असा अर्थ होणारे नाव सुचवले. येथे दोन गोष्टींची आठवण होते. ज्या देशात जगदीशचंद्र बोस या पदार्थवैज्ञानिकाने वनस्पतींचे प्रतिसाद मोजण्यात आयुष्याचा मोठा भाग घालवला तेथे वनस्पती हे प्रतिसादशून्यतेचे रूपक म्हणून खपून जावे ही एक. आणि ज्या भाषेत तुकारामांनी झाडांशी सोयरीक सांगितली तिच्यात ते निमूटपणे रूढ व्हावे ही दुसरी.

या नावाला दोन वर्षेही झाली नव्हती तोच, २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच एका सफाई कामगाराने हल्ला केला. गळा साखळीने आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. चयापचयाचे शास्त्र येथे क्रूरपणे साधे आहे : मेंदूजवळ साखरेचा आणि प्राणवायूचा साठा नसल्यासारखाच असतो, पुरवठा थांबला की काही सेकंदांत शुद्ध जाते आणि काही मिनिटांत कायमची हानी सुरू होते. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत जवळजवळ बेचाळीस वर्षे त्या त्याच रुग्णालयात होत्या. (वर आलेल्या बेचाळीसशी याचा काही संबंध नाही; योगायोगांतून अर्थ काढण्याचा मोह समीक्षकांना लवकर होतो म्हणून एवढे नमूद केले.) त्यांच्या सहकारी परिचारिकांनी आणि नंतर, ज्यांनी त्यांना कधी चालता-बोलता पाहिले नव्हते अशा पुढच्या पिढ्यांतील परिचारिकांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कुशीवर वळवले.

पत्रकार पिंकी विराणी यांनी १९९८ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि २००९ मध्ये त्यांचे अन्न थांबवून त्यांना शांतपणे मरू द्यावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात केली. न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती नेमली. तिच्या अहवालाचा आशय असा की ऐकण्याचे, पाहण्याचे, स्पर्शाचे प्राथमिक मार्ग शाबूत असल्याचा पुरावा आहे. परंतु त्यांतून येणाऱ्या संवेदनांची जाणीव असल्याचा निश्चित पुरावा तपासणीत आढळला नाही. परिचारिकांचे म्हणणे निराळे होते. अरुणाला मासे आवडतात, आवडीचे खाणे दिले की चेहरा बदलतो, खोलीत गर्दी झाली की ती अस्वस्थ होते. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. कठोर अटींवर उपचार थांबवण्याची मुभा तत्त्वतः मान्य केली, आणि अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार विराणी यांना नव्हे तर केईएमच्या कर्मचाऱ्यांना आहे असे म्हटले.

या प्रकरणात दोन वाचने समोरासमोर उभी आहेत असे सहसा मानले जाते : एक वैज्ञानिक, दुसरे भावनिक. ही मांडणी मला अपुरी वाटते. परिचारिकांच्या वाचनावर विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांच्या थाटात भावाभासाचा आरोप करणे सोपे आहे. तुम्हाला जे वाटते ते तुम्ही संहितेवर लादता. चेहऱ्याची हालचाल प्रतिक्षिप्त आहे, 'आवड' तुमची आहे. यात तथ्य असू शकेल. पण त्यांचे वाचन एकदाचे नव्हते. एकाच देहाशी रोजचा, पाळीपाळीने चालणारा, पुढच्या पिढीकडे सोपवलेला तो व्यवहार होता. स्टॅन्ली फिश ज्याला अर्थ लावणारा समुदाय म्हणतो त्याचे याहून काटेकोर उदाहरण विद्यापीठांत तरी सापडणार नाही. तासाभराच्या तपासणीत न दिसणारी चिन्हे अशा समुदायाला दिसू शकतात. तशीच, नसलेली चिन्हे परंपरेने दिसत राहण्याचा धोकाही अशाच समुदायाला सर्वांत जास्त. या दोन शक्यतांत निवड करण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. महिमभट्ट त्यांना हेतू विचारील आणि त्यांना तो सिद्ध करता येणार नाही.

परंतु त्यांनी काही सिद्ध करायला घेतले होते का? विट्गेन्श्टाइनने एका जागी असा भेद सुचवला आहे की समोरच्याला आत्मा आहे हे आपले मत नसते. त्याच्याकडे पाहण्याची ती आपली वृत्ती असते. मत पुराव्यावर उभे राहते आणि पुराव्याने पडते. वृत्ती पुराव्याच्या आधीची असते. न्हाऊ घालताना पाणी कोमट आहे का हे पाहणारी परिचारिका अनुमान करत नसते. म्हणूनच न्यायालयीन निकालानंतर रुग्णालयात मिठाई वाटली गेली तेव्हा अनेक सुशिक्षितांना ते अडाणीपणाचे वाटले. त्यांना वाटले की या स्त्रिया एका मताचा विजय साजरा करत आहेत.

याचा अर्थ विराणी चुकीच्या होत्या असा नव्हे. उलट, येथे पदार्थविज्ञानाच्या शोधांनी प्रश्न अधिक अवघड केला आहे. समजा, परळमध्येच, केईएमपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या किरणोत्सर्गी औषध केंद्रात, जेथे २००२ मध्ये देशातले पहिले पेट यंत्र आले, तेथे अशा रुग्णाची तपासणी झाली आणि खर्च उंबरठ्याच्या वर निघाला. आत कोणीतरी आहे असे संभाव्य ठरले. मग काय सिद्ध झाले? परिचारिकांचा पक्ष म्हणेल : म्हणून तिला जगवा. विराणींचा पक्ष तितक्याच न्यायाने म्हणेल : म्हणजे इतकी वर्षे ती आत कोंडलेली होती, म्हणून तिला सोडवा. आणि खर्च उंबरठ्याखाली निघाला तर? आत कोणी नसेल तर दुःखही कोणाला नाही, मग मुक्त कोणाला करायचे? जाणिवेचा पुरावा एका बाजूचा साक्षीदार म्हणून बोलावला जातो आणि दोन्ही बाजूंनी साक्ष देऊन जातो. मोजमाप अधिक अचूक केल्याने ही कोंडी सुटणार नाही, कारण ती मोजमापाच्या चुकीतून आलेलीच नाही. अरुणा शानबाग यांच्यावर दत्तकुमार देसाई यांनी 'कथा अरुणाची' हे मराठी नाटक लिहिले. मूक देहाला रंगमंचावर आणणाऱ्या कोणत्याही नाटकासमोर हीच अडचण उभी राहते : तिला बोलते केले तर ती उरत नाही, गप्प ठेवले तर प्रेक्षक तिच्या जागी बोलू लागतो.

संहितेलाच विचारता आले असते तर? २०१२ मध्ये कॅनडातील एका रुग्णाला, जो बारा वर्षे प्रतिसादशून्य मानला गेला होता, ओवेन यांच्या गटाने यंत्रातून विचारले की तुला वेदना होत आहेत का. उत्तर 'नाही' असे आले. पुढचा, सर्वांच्या मनात असलेला प्रश्न होता जगायचे आहे का हा, आणि तो विचारण्याबाबत संशोधकांचा संकोच मला समजण्यासारखा वाटतो. 'हो' आणि 'नाही' एवढ्या दोनच शब्दांच्या भाषेत त्या प्रश्नाचे उत्तर घेणे म्हणजे एकाक्षरी शब्दात मृत्युपत्र लिहून घेण्यासारखे आहे.

आपल्या कायद्याने दुसरा रस्ता धरला. ९ मार्च २०१८ च्या निकालाने पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने आगाऊ वैद्यकीय निर्देशाला मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. साहित्यमीमांसेच्या भाषेत हा लेखकाच्या हेतूकडे परत जाण्याचा निर्णय आहे. १९४६ पासून ज्याला आपण हेत्वाभास म्हणून वर्गातून बाहेर काढले, तो हेतू न्यायालयाने प्रमाण मानला. आणि दुसरे काही प्रमाण मानता आले असते असे मला दिसत नाही. मात्र हेतू लिहिणारा निरोगी माणूस आणि पुढे खाटेवर पडलेला माणूस हे एकाच संहितेचे एकच कर्ते आहेत का, हा प्रश्न त्याने मिटत नाही. जळणाऱ्या साखरेच्या मोजमापाने तर नाहीच.

या दोन रस्त्यांचा भूगोलही वेगळा आहे. किरणोत्सर्गी फ्लुओरीनचे अर्धायुष्य ११० मिनिटांचे. मुंबईत तयार केलेली ती साखर सात तासांच्या रस्त्याने कडेगावाकडे निघाली तर पोहोचेपर्यंत तिचा जेमतेम चौदावा हिस्सा उरेल. निर्देशाचा कागद मात्र साक्षीदारांच्या सह्यांनिशी नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतो, आणि तसा अधिकारी तालुक्याच्या गावी असतो. म्हणजे यंत्र येथे येण्याआधी कागद येणार. त्या कागदावर मराठीत एक वाक्य लिहावे लागेल : अमुक अवस्था आली तर उपचार थांबवावेत. ती अवस्था कोणत्या शब्दाने सांगायची? 'शुद्ध' म्हणावे तर ती झोपेतही जाते. 'भान' रागातही जाते. 'जाणीव' हा शब्द संतांनी नेणिवेच्या जोडीने वापरून इतका खोल नेला आहे की वकील त्याला हात लावणार नाही. 'चेतना' पुस्तकी. रुग्णालयातून कोणी परत आले की आमच्याकडे गल्लीत पहिला प्रश्न वेगळाच असतो, त्यात यांपैकी कोणताच शब्द नसतो. विचारतात : माणसं ओळखतात का?

त्या प्रश्नातले 'ओळखणे' खाटेवरच्याचे आहे, असे व्याकरण सांगते. विचारणारा मात्र बहुधा आपण ओळखले जाऊ का हे विचारत असतो, आणि उत्तर 'नाही' असे आले तरी संध्याकाळी तो भेटायला जातो.